चारशे सतरा नंबरची नळी

मन्नूबियाच्या हातांना चोवीस वर्षं अंड्यांचा वास येतो आहे. लिंबू चोळून झालं, कॉफीचा चोथा चोळून झाला, हजहून आलेल्या शेजारणीनं दिलेलं अत्तरही लावून झालं. वास काही हटत नाही. आठवड्यातून दोनदा दीडदीडशे अंडी फोडणाऱ्या बाईच्या हाताला दुसरा कसला वास येणार म्हणा! रमझानमध्ये सगळं बिझर्त शहर उपास सोडताना ब्रिक खातं, पातळ पारीत अख्खं अंडं घालून तळलेली ती गरमागरम घडी. ही बाई मात्र सुकी अंजिरं आणि ताक घेऊन बसते. कुणी आग्रह केलाच तर म्हणते, "खा बाबांनो तुम्ही. माझं नुसतं बघूनच पोट भरलंय."

ही अंडी माणसांसाठी नसतातच. टेकडीवर, पाइनच्या झाडांत छातीच्या रोगांचा दवाखाना आहे आणि त्याच्या मागे एक बुटकी पांढरी इमारत आहे, ती प्रयोगशाळा. रोग्यांचा बेडका तिथे येतो. त्यातला क्षयाचा जंतू वाढवून बघायचा तर त्याला आधी जेवायला घालावं लागतं, आणि त्याचे नखरे काय विचारता. अंडी ताजी हवीत. ती ब्रशनं घासायची, स्पिरिटमध्ये बुडवायची, फोडायची, फेटायची, जाळीच्या कापडातून गाळायची. त्यात हिरवा रंग मिसळायचा, मग ते नळ्यांत ओतून नळ्या तिरक्या ठेवायच्या आणि वाफेवर घट्ट करायच्या. एवढं सगळं करूनही हा सहासहा आठवडे उगवायचं नाव घेत नाही. "याच्यापेक्षा माझी सासू बरी," मन्नूबिया म्हणायची. "ती निदान तासाभरात तरी नावं ठेवायला लागायची."

उबेच्या खोलीत तळाच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात चारशे सतरा नंबरची नळी असायची. त्या नळीतला जंतू मन्नूबियाच्या नवऱ्याच्या छातीतून आला होता.

तिजानी बंदरात वेल्डर होता. उंच, हसरा, कानामागे मोगऱ्याचा गजरा अडकवून कामावर जाणारा. त्याला खोकला लागला तो दोन हिवाळे गेला नाही. पहिल्या हिवाळ्यात बंदरातल्या धुरावर ढकललं, दुसऱ्या हिवाळ्यात दवाखान्यानं रोगाचं नाव सांगितलं आणि औषधं सुरू केली. पण रोग औषधांच्या पुढे धावत होता. ते दोन्ही हिवाळे तिजानी भिंतीकडे तोंड करून झोपला. मन्नूबियाला त्याचा भयंकर संताप यायचा. तिला वाटायचं, हा माणूस आपल्याला विटला. "भिंतीशीच निकाह लावायचा होतास," ती त्याच्या पाठीला म्हणायची, "माझ्या बापाचा मेजवानीचा खर्च तरी वाचला असता." तो पाठमोराच हसायचा आणि हसताहसता त्याला उबळ यायची. अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये तो गेला. ती छत्तीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं.

दवाखान्यात वारलेल्या माणसाच्या बायकोला तिथेच काहीतरी काम द्यायचं, अशी टेकडीवरची जुनी रीत होती. तेव्हाचे प्रमुख डॉक्टर बराहम यांनी वर्षभरानं मन्नूबियाला बोलावून काचसामान धुवायला लावलं. सहावीपर्यंत शिकली होती, अक्षर ओळखत होती. एक दिवस टेबल पुसताना उघड्या नोंदवहीत तिला तिजानीचं नाव दिसलं आणि नावापुढे चारशे सतरा हा आकडा दिसला. ती तशीच ओल्या हातांनी डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

त्यांनी तिला नळी दाखवली. हिरव्या उतारावर फिकट पिवळसर, रवाळ काहीतरी पसरलं होतं, शिळ्या पावाचा चुरा सांडावा तसं.

"फेकून द्या हे," ती म्हणाली.

"फेकलं तर हा सुटला," डॉक्टर म्हणाले. "हा इतरांपेक्षा जबर आहे, मन्नूबिया. तुझ्या नवऱ्याला यानं एवढ्या लवकर का नेलं, ते मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू? पण कधीतरी कुणीतरी येईल आणि याला विचारेल, की बाबा, तू माणसाला मारतोस तरी कसं? तोवर हा जिवंत राहायला हवा. सांभाळशील?"

सांभाळीन, असं तोंडानं म्हणालीच नाही ती. पण दुसऱ्या दिवशी मास्क बांधून काचेच्या कपाटासमोर बसली आणि तारेनं जंतू उचलायला शिकली. पुढे अंड्यांचं खाद्यही तीच करायला लागली. डॉक्टर बराहम काही वर्षांनी वारले. कुणीतरी येईल, हा त्यांचा शब्द तेवढा तिच्याजवळ राहिला.

दर सहा आठवड्यांनी जुन्या नळीतला जंतू नव्या नळीत. एकदाही चुकलं नाही. आईचं मयत झालं तेव्हा सुद्धा ती तिसऱ्या दिवशी कामावर हजर होती, कारण चारशे सतराची पाळी होती. कुणाला वाटायचं बाई कामाला वाघ आहे, कुणाला वाटायचं नवऱ्याची आठवण जपते आहे. आठवण कसली! तिचा त्या जंतूवर राग होता, गरम, ताजा राग, आणि तो तिनं त्या जंतूसारखाच दर सहा आठवड्यांनी नव्यानं लावला होता. "मेल्या, तू बोलेपर्यंत तुला मरू द्यायची नाही," असं ती मास्कच्या आत पुटपुटायची.

कुठला दाणा उचलायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायची गरजही वाटली नव्हती. ती वाढली खेड्यात, मातीच्या भट्टीवर भाकरी लावणाऱ्या घरात. आदल्या दिवसाच्या कणकेतला गोळा दुसऱ्या दिवसाचं खमीर म्हणून ठेवायचा, तो कसा निवडायचा हे आईनं तिला चापट मारून शिकवलेलं होतं. जो सगळ्यात टम्म फुगला असेल तो ठेवायचा, बाकीचा भाजायचा. तसाच इथेही ती नळीतला सगळ्यात भरदार, सगळ्यात आधी वर आलेला दाणा बघायची आणि तारेनं तोच उचलायची. प्रयोगशाळेचा नियम खरा वेगळा होता. मूळ जंतू खोल थंडीत गोठवून ठेवलेला असायचा आणि चारदोन वेळा नळी बदलली की जुना टाकून पुन्हा मुळातला काढायचा. पण गोठवलेलं म्हणजे शिळं, हे मन्नूबियाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आपल्या हातचं ताजं असताना शिळं कोण काढील? जंतू झकास वाढत होता, वर्षागणिक लवकर वाढत होता. डॉक्टरांच्या पाठीमागे कुणी बारकाईनं विचारलं नाही.

मग अकरा सालचा जानेवारी आला. गावात गोळ्या चालल्या, सरकार पडलं, संचारबंदी लागली आणि टेकडीवरची वीज चार दिवस गेली. गोठवणारी पेटी वितळली. तिच्यातलं सगळं सडलं, त्यात चारशे सतराचा मूळ जंतूही गेला. मन्नूबिया मात्र संचारबंदी उठायच्या त्या दोनचार तासांत रोज टेकडी चढायची. गरम पाण्याच्या बाटल्या आणि घरची लोकरी चादर नळ्यांभोवती गुंडाळून तिनं उबेची खोली ऊबदार ठेवली. तेव्हा नव्यानंच प्रमुख झालेले हेदीसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "या बाईमुळे चारशे सतरा वाचला." पेटी दुरुस्त झाल्यावर पुन्हा गोठवला तो तिच्याच नळीतून. त्या दिवशी तिनं फाटकावरच्या खमाइसला स्वतःच्या पैशानं पाइनच्या बिया घातलेला चहा पाजला. खमाइस तिच्याच वयाचा पहारेकरी, एरवी तिला रोज विचारायचा, "काय मन्नूबिया, आज किती कोंबड्यांचे तळतळाट घेतलेस?" त्या दिवशी तोही गप्प चहा प्याला.

त्यालाही अकरा वर्षं झाली. गुडघे गेले. टेकडी चढताना ती आता तीन ठिकाणी थांबते, आणि तिसऱ्या ठिकाणी बसते. पुढच्या जूनमध्ये बासष्ट पुरी होऊन निवृत्ती होती. डॉक्टरांचा तो कधीतरी येणारा कुणीतरी अजून आलेला नव्हता. आता येईल अशी आशाही तिनं सोडून दिली होती, फक्त हात सवयीनं चालत होते.

आणि सप्टेंबरात रिहाब आली. पस्तिशीतली, चष्मा डोक्यावर, संशोधक. पहिल्याच दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, चारशे सतरा तुमच्याकडे असतो ना?"

"माझ्याकडे म्हणजे? काय कनवटीला लावलाय मी? आहे फळीवर. कशाला हवाय?"

"त्याला एक विचारायचंय."

मन्नूबियाच्या हातातलं अंडं हातातच राहिलं. "काय विचारायचंय?"

"माणसाला मारतो कसा ते."

ती स्टुलावर बसली. अंडं टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "एवढा उशीर का केलास गं?" आणि रडायला लागली. रिहाब बिचारी घाबरून गेली. मग मन्नूबियानं तिला सगळं सांगितलं, तिजानीचं, डॉक्टरांचं, शब्दाचं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होती.

दुपारी दोघी पायरीवर लबलाबी खात बसल्या. छोल्यांच्या कढत रश्श्यात शिळ्या पावाचे तुकडे आणि वर भरपूर तिखट. रिहाबनं वाडग्यातच समजावलं.

"हा बघा, हा छोला म्हणजे तुमची राखणदार पेशी. जंतू फुप्फुसात गेला की ती त्याला गिळते आणि आपल्या आत एका पिशवीत कोंडते, जिरवायला. साधा जंतू तिथेच खलास. हा होत नाही. याच्या अंगाला एक खास दार असतं, त्यातून हा एक प्रथिन बाहेर सोडतो. ते प्रथिन पिशवीला भोक पाडतं. पिशवी फुटली, जंतू बाहेर, राखणदार मेला. मग मेलेल्याला उचलायला दुसरे राखणदार येतात, आणि हा त्यांच्यातही शिरतो."

"म्हणजे मयताला आलेल्या लोकांनाच धरतो मेला!"

"अगदी तसंच. आणि अशी गर्दी वाढत जाऊन छातीत गाठ होते."

"मला वाटायचं, किडा आहे, कुरतडत असेल," मन्नूबिया म्हणाली. "इतकी वर्षं मी त्याला दात आहेत असं समजून शिव्या घातल्या."

"दात नाहीत, थुंकी आहे. दंडावर लशीचा वण आहे ना तुमच्या? लशीतला जंतू याचाच चुलतभाऊ. पण ते प्रथिन सोडायचं सामान त्याच्याकडे नाही, म्हणून तो आजारी पाडत नाही. आणि चारशे सतरा इतका जबर होता म्हणजे तो हे प्रथिन जास्त सोडत असणार, किंवा लवकर, किंवा काहीतरी वेगळंच. तेच मला काढायचंय. जूनच्या आत काढते, बघा. तुमच्या निरोपाला तेच भाषण करते."

मन्नूबियानं रस्सा संपवला. इतक्या चवीनं तो तिनं कित्येक दिवसांत खाल्ला नव्हता.

आता या कामाला अंड्यांचं खाद्य चालत नाही. अंड्यातच एवढी प्रथिनं, त्यात जंतूनं सोडलेलं थेंबभर कुठे सापडायचं? म्हणून रिहाबनं चारशे सतराला साध्या क्षारांच्या स्वच्छ पाण्यात वाढवलं. पाण्यावर साय धरावी तसा जंतू धरला. काही आठवड्यांनी जंतू गाळून टाकायचा आणि उरलेल्या पाण्यात त्यानं काय सोडलंय ते शोधायचं. सापडलं तर कागदाच्या पट्टीवर काळी रेघ उमटते. नोव्हेंबरात पट्टी आली. शेजारच्या दुसऱ्या जंतूच्या घरात ठसठशीत रेघ होती. चारशे सतराचं घर कोरं होतं.

"माझंच काहीतरी चुकलं," रिहाब म्हणाली. "पुन्हा लावते."

पुन्हा म्हणजे पुन्हा दोन महिने. मन्नूबिया रोज सकाळी यायची, आपलं काम करायची, रिहाबच्या बाटल्यांकडे लांबून एकदा बघायची आणि जायची. फेब्रुवारीत दुसरी पट्टी आली. कोरी. नळीची अदलाबदल झाली म्हणावं, तर रिहाबनं जंतूची ओळख तपासली, तो चारशे सतराच होता. नोंदवहीतल्याच जातीचा, त्याच वंशाचा. मग ती एक दिवस येऊन मन्नूबियाच्या मागे उभी राहिली. चारशे सतराची पाळी होती.

"मावशी, हाच दाणा का उचललात?"

"मग कुठला उचलू? हा सगळ्यात भरलेला आहे. कसा फुललाय बघ."

"नेहमी असाच उचलता?"

"नेहमी. मरतुकडा उचलून काय उपयोग?"

रिहाब त्या दाण्याकडे वाकून बघत राहिली. मग तिनं वही मागितली. मन्नूबियानं पहिल्या दिवसापासूनची वही काढून दिली, दर बदलाची तारीख तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेली. रिहाबनं बोट फिरवत मोजलं. दोनशे आठ.

"काय झालं ते बोल की," मन्नूबिया म्हणाली. "डॉक्टर लोकांचं हे गप्प बसणं मला पहिल्यापासून माहीत आहे."

"मावशी, शंभर वर्षांपूर्वी दोन फ्रेंच डॉक्टर गाईचा जंतू बटाट्यावर वाढवत बसले. तेरा वर्षं, दोनशे तीस वेळा या नळीतून त्या नळीत. त्याला तिथे कुणाशी लढायचं नव्हतं, आयतं खायला होतं. शेवटी तो निरुपद्रवी झाला. तीच आपली लस. ते प्रथिन त्याच्याकडून तेव्हाच हरवलं." ती थांबली. "जंतूंमध्ये एखादा असा निघतो, की तो थुंकीवर ताकद घालवत नाही, नुसता वाढतो. तो इतरांच्या आधी फुगतो. तुम्ही दर वेळी तोच उचलत गेलात."

मन्नूबियाला कळायला वेळ लागला नाही. अडाणी नव्हती ती. तिनं तार जागेवर ठेवली, हातमोजे उतरवले, खुर्ची पाठीमागे सारली.

"म्हणजे मीच."

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही, मावशी. सांगायला हवं होतं आम्ही. आणि वीज गेली नसती तर मूळ जंतू..."

"वीज गेली नसती तरी मी काढला नसता," मन्नूबिया म्हणाली. "शिळा म्हणायचे मी त्याला. साक्षीदार सांभाळायला दिला होता मला म्हाताऱ्यानं. मी त्याला खाऊ घालघालून मुका केला."

त्या दिवशी ती टेकडी उतरताना तीन ठिकाणी थांबली नाही. एकाच ठिकाणी, अर्ध्या वाटेवर बसली आणि खूप वेळ उठलीच नाही. लाज वाटत होती तिला, तिजानीची लाज. चोवीस वर्षं त्याच्या फोटोला ती सांगत आली होती, थांब, कळेल. आता त्याला काय सांगायचं? खमाइसनं वरून पाहिलं आणि पाण्याची बाटली घेऊन खाली आला. एरवीची कोंबड्यांची थट्टा त्याला सुचली नाही.

हेदीसाहेब वाईट माणूस नव्हे. पण त्यांना फळ्या पुरत नव्हत्या. "गोठवलेला एक नमुना राहू दे," ते म्हणाले, "पण ही रोज सांभाळायची नळी बंद करा. ज्याच्यासाठी ठेवला होता तेच त्याच्यात उरलं नाही." रिहाबनं भांडून पाहिलं. जंतूकडून काय हरवलं ते त्याच्या जनुकांत वाचता येईल, असं तिचं म्हणणं. पण ताडून बघायला जुना चारशे सतरा हवा, आणि तो कुठेही नव्हता, हे तिलाही मान्य करावं लागलं. मन्नूबियाच्या शेवटच्या दिवशी नळी उकळायची, असं ठरलं.

मे महिन्यात निवृत्तीची तपासणी झाली. पूर्वी ही तपासणी म्हणजे हातावर सुई टोचून सूज बघायची. लस घेतलेल्या सगळ्यांनाच थोडीफार सूज येते, म्हणून या इमारतीत त्या सुजेला कुणी हिंग लावून विचारत नसे. यंदा पहिल्यांदाच नवीन रक्ततपासणी आली होती. मन्नूबियाचा कागद जूनमध्ये आला, तो वाचून तिला काही कळेना, म्हणून ती तो रिहाबकडे घेऊन गेली.

रिहाबनं वाचला. चष्मा डोक्यावरून नाकावर आणून पुन्हा वाचला.

"बसा, मावशी."

"बसवून सांगण्यासारखं आहे म्हणजे वाईटच असणार."

"वाईट नाही. क्ष-किरणात छाती स्वच्छ आहे. तुम्ही आजारी नाही. पण तुमच्या रक्ताला ते प्रथिन दाखवलं, तर रक्त खवळलं. ओळखलं त्यानं."

"कुठलं प्रथिन?"

"तेच. आपण नळीत शोधत होतो ते."

मन्नूबियानं दंडावरचा वण चाचपला. "लशीमुळे असेल."

"लशीत ते नसतंच. म्हणून तर ही तपासणी चालते. खरा जंतू अंगात शिरल्याशिवाय रक्ताला ते ओळखता येत नाही."

"मग नळीतून लागला असेल."

"असेल, इथे शेकडो नळ्या तुमच्या हाताखालून गेल्या. कधी लागला, कुणाचा लागला, हे रक्त सांगत नाही. मीही सांगू शकत नाही. कुठेतरी छातीत झोपून असेल, पेशींच्या गाठीत कोंडलेला."

"मी सांगते कुणाचा," मन्नूबिया म्हणाली.

आणि तिला हसू फुटलं. हसताहसता डोळे भरले. "भिंतीकडे तोंड करून झोपायचा गं. दोन हिवाळे. मला वाटायचं विटला. मला लागू नये म्हणून वळलेला असायचा मूर्ख, आणि बोलला नाही. शिव्या खाल्ल्या माझ्या, पण बोलला नाही. तरी दिलंच शेवटी."

रिहाबनं तिचा हात धरला. अंड्याच्या वासाचा तो हात बराच वेळ दोघींच्या मध्ये तसाच राहिला.

मग मन्नूबियाच्या डोक्यात काहीतरी आलं आणि ती सावध होऊन बसली. "म्हणजे हा जुना आहे. न बिघडलेला. माझ्या हातचं न खाल्लेला."

"मावशी..."

"काढ याला. घे नळीत."

"झोपलेला काढता येत नाही. कुठे आहे तेच माहीत नाही. बेडक्यात येत नाही."

"आणि जागा झाला तर?"

रिहाबनं कागदाची घडी करून टेबलावर ठेवली.

"जागा झाला तर येईल ना बेडक्यात? मग मिळेल ना तुला तुझी काळी रेघ?"

"वेड लागलंय का तुम्हाला!" रिहाब ओरडलीच. "जागा झाला तर तुम्ही खोकाल, रक्त पडेल, या वयात जिवावर बेतेल! असल्या रेघेला काय चुलीत घालू? या गोळ्या लिहून दिल्यात बघा, सहा महिने, रोज एक, रिकाम्या पोटी. झोपेतच संपवायचं त्याला. आजपासून घ्यायच्या."

मन्नूबियानं दवाखान्यातून गोळ्यांचं पाकीट आणलं आणि पिशवीत टाकलं. घेतल्या मात्र नाहीत. रिहाब रोज विचारायची, ती रोज म्हणायची, "घेते गं." तीन आठवडे ते पाकीट न फोडता पिशवीत राहिलं. ती खरोखर विचार करत होती. चोवीस वर्षं ज्याला सांभाळलं तो मुका निघाला, आणि बोलणारा तिच्या छातीत होता. नुसतं काहीही न करता बसलं, की कदाचित तो आपण होऊन उठेल. थकलेल्या माणसाला काहीही न करणं फार सोपं वाटतं.

शेवटचा दिवस जूनच्या तीस तारखेचा होता. तिनं अंडी फोडली नाहीत, ते काम आता दुसऱ्या बाईकडे गेलं होतं. तळाच्या फळीवरून चारशे सतरा काढला, उजेडात धरून एकदा पाहिला. रवाळपणा कधीच गेला होता त्याचा. गुळगुळीत, गुबगुबीत दिसत होता. शिवी द्यावी म्हणून तिनं तोंड उघडलं, पण शिवी आली नाही. "जा," एवढंच म्हणाली. वाफेच्या मोठ्या भांड्यात ठेवला, झाकण आवळलं आणि काटा वर चढेपर्यंत समोर उभी राहिली.

हेदीसाहेबांनी भाषण केलं, केक कापला, सगळ्यांनी मिळून तिला एक पितळी तबक दिलं. रिहाबला भाषण करायचं होतं ते काही करता आलं नाही. फाटकावर खमाइस म्हणाला, "कोंबड्या सुटल्या बघ आज," आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

घरी पोचली तेव्हा दुपार होती. तिनं बूट काढले आणि पलंगावर अंग टाकलं. सवयीनं आपल्या बाजूला, दाराकडे तोंड करून. मग काय वाटलं कोण जाणे, सरकत सरकत ती पलीकडे तिजानीच्या जागी गेली आणि भिंतीकडे वळली. पंचवीस वर्षांत तिथे ती कधी झोपली नव्हती. समोर चुन्याची भिंत होती, वीतभर अंतरावर. एक तडा, ओल आलेली एक जागा, एक खिळा. बाकी काही नाही. दोन हिवाळे माणूस एवढंच बघत होता, आणि पाठीमागून तिच्या शिव्या ऐकत होता.

ती उठली. पिशवीतून पाकीट काढून पहिली गोळी हातावर घेतली. "तू एवढं तोंड फिरवून झोपलास," ती फोटोकडे न बघताच म्हणाली, "आणि मी याला उठवून बसवू होय? राहू दे. नाही कळलं तर नाही कळलं."

सकाळपासून तिच्या पोटात केकचा तुकडासुद्धा गेला नव्हता. तिनं माठातलं पाणी घेतलं आणि गोळी गिळली.